ठोकेबुवा आणि पंचवीस पिना

४ जानेवारी

प्रिय ठिपके,

ठोकेबुवा गप्प झाले आहेत. सोमवारपासून अंधशाळेच्या ब्रेल छपाईच्या खोलीत इतकी शांतता आहे, की मला माझाच श्वास ऐकू येतो. माझ्यासारख्या अर्ध्या बहिऱ्याला हे जरा जास्तच झालं.

मशीनला काही झालेलं नाही. ठोकेबुवा ठणठणीत आहेत. गेला तो त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर. चालता चालता फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि टायपिस्ट बाई खुर्ची ढकलून थेट दारात. मी डबा उघडायला लावला आणि मदरबोर्डावर बोटं फिरवली. ती कपॅसिटरची बुटकी पिंपं उभी असतात ना, त्यातल्या पाचांची डोकी फुगली आहेत. चांगली सपाट असायची. बोर्ड गेला, हे सांगायला डोळे कशाला हवेत?

आता खरी गोष्ट. नव्या अधीक्षिका काल खोलीत आल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांना अडगळीचा राग आहे आणि त्यांच्या यादीत आम्ही अडगळीत आहोत. म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही, ऐकूही कमी येतं, मशीन सव्वीस वर्षांचं. आपण लहान नवं मशीन घेतलंय की! पंधरा फेब्रुवारीपर्यंत हे चालू झालं तर ठीक, नाहीतर भंगारात. या खोलीत बाकं ठेवू." मी म्हटलं, नव्या मशीनला अक्षरं छापता येतात, आकृत्या नाही येत. भूमितीचं पुस्तक अर्धं छापून झालंय, त्रिकोण संपले, वर्तुळ सुरू व्हायचंय. शेवटच्या वर्गातल्या अकरा मुलांची मार्चमध्ये परीक्षा आहे. वर्तुळ त्यांनी काय ऐकून शिकायचं? त्या म्हणाल्या, "पंधरा तारीख."

तेव्हा तू दिवसाला सहा कॉम्प्युटर जोडतेस असं ऐटीत लिहितेस, ती ऐट आता कामी येऊ दे. नव्या बोर्डावर काय काय असतं ते मला सांग. जुना मला हातानं पाठ होता. डिस्क शाबूत आहे, तीन वर्षांपूर्वी तूच बदललेलीस. ठोकेबुवांचा प्रोग्रॅम तिच्यातच आहे.

आणि हे पत्र डोळ्यांनी वाचते आहेस, मला माहीत आहे. लबाड! बोटांनी वाच.

तुझा मामा

*

९ जानेवारी

प्रिय मामा,

वाचलं डोळ्यांनीच, घाईत होते! पण उत्तर बघ, पाटी-टोचणी घेऊन ब्रेलमध्ये टोचते आहे आणि बोट दुखायला लागलंय. तुला फोन करून उपयोग नाही, मागच्या वेळी मी "मेमरी" म्हटलं आणि तू "मावशी कशी आहे" विचारलंस.

हातपाय गाळू नकोस, बोर्ड मिळाला! आणि कसला मिळाला म्हणून सांगू! फार नवा नाही, फार जुना नाही. तुझी जुनी डिस्क त्याला लावली की तो कुरकुर न करता तिच्यावरून सुरू होईल, ती सोय मी सेटिंगमध्ये इथूनच चालू केली आहे. प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा आणि मेमरीच्या दोन पट्ट्या मीच बसवून देते. तू फक्त डब्यात बसवायचा आणि वायरी लावायच्या.

आता डोळ्यांसमोर आण. चुकले, बोटांसमोर आण. बोर्डाच्या एका कडेला दारांची रांग आहे, ती डब्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर डोकावते. आधी एक गोल दार, जुन्या कीबोर्डाचं. मग चपटी, आडवी यूएसबीची सहा दारं. टायपिस्ट बाईंचा पडदा जोडायला दोन, एक रुंद आणि भोकांचं, दुसरं निमुळतं. नेटवर्कचं चौकोनी, आत आठ बारीक तारा, टोचून बघायचा मोह होतो पण टोचू नकोस. शेवटी आवाजाची तीन गोल भोकं. रांगेच्या आतल्या अंगाला लांब फटी आहेत, त्यात जास्तीची कार्डं उभी राहतात. पलीकडे डिस्कची चार दारं, इंग्रजी एल आकाराची, म्हणजे उलटी वायर बसतच नाही. आणि एक इवलीशी पट्टी आडवी निजते, तिच्यात पूर्ण डिस्क मावते मामा, च्युइंगगमच्या वडीएवढी! तुला ती लागणार नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवेना.

कुठे काय, ते मी जाड कागदावर नकाशा टोचून सोबत देते आहे. प्रत्येक वस्तूला आकडा, आणि आकड्यांची यादी मागच्या पानावर.

एकच अडचण. ठोकेबुवांची ती रुंद, पंचवीस भोकांची जुनी वायर आहे ना, तिचं दार आता बोर्डाच्या मागे देतच नाहीत. मी यूएसबीत घालायचा एक बदलजोड पाठवते आहे. एका तोंडाला यूएसबी, दुसऱ्याला पंचवीस पिना. चालेल. चालायलाच हवा!

बोर्डाला हात लावण्याआधी डब्याचा पत्रा धर, अंगातली वीज उतरू दे.

तुझी ठिपकी

*

१७ जानेवारी

प्रिय ठिपके,

पार्सल आलं, आणि मी दोन दिवस काहीही जोडलेलं नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

बोर्ड हातात घेतला तेव्हा मला, खरं सांगतो, पहिल्यांदा शाळेत गेल्यासारखं वाटलं. किती गर्दी! जुना बोर्ड म्हणजे रिकामं मैदान होतं याच्यापुढे. तुझी चपटी दारं मोजली, सहा. आवाजाची भोकं तीन. सगळं सापडलं. मग नकाशा शेजारी ठेवला आणि घोटाळा झाला.

नकाशात दारांची रांग उजवीकडे, बोर्डावर डावीकडे. म्हटलं, बोर्ड फिरवू. फिरवला, रांग उजवीकडे आली, पण पंखा वर हवा तो खाली गेला. परत सरळ धरला, तर मेमरीच्या पट्ट्या नकाशात डाव्या अंगाला, बोर्डावर उजव्या. टायपिस्ट बाई म्हणाल्या, नकाशाच उलटा टोचला असेल. मी त्यांना झापलं. म्हटलं, माझी भाची सात वर्षांची असताना माझ्याकडे ब्रेल शिकली आहे, पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद पालथा घालून वाचायचं हे तिला झोपेतही चुकणार नाही. शिवाय आकडे अगदी सुलट वाचता येतात. नकाशा बरोबर आहे. बोर्ड दुसरा आहे.

माझा अंदाज असा, की डावखुऱ्यांच्या कात्र्या असतात तसे डावे-उजवे बोर्ड निघत असावेत आणि दुकानदारानं तुला फसवून डावा दिला. चुकीच्या जागी वीज घातली तर हाही जाईल, म्हणून मी हात आवरला. तू त्या माणसाला चांगली फैलावर घे आणि लवकर कळव. अधीक्षिका आज दारातून विचारून गेल्या, "काय, आजोबा बोलले का?" त्यांना बुवांचं नाव मी सांगितलं नव्हतं, तरी मशीनला त्या आजोबा म्हणाल्या. मला ते जरा बरं वाटलं.

एकोणतीस दिवस उरले.

मामा

*

२२ जानेवारी

प्रिय मामा,

मी गाढव आहे. मोठ्या अक्षरात टोचता येत नाही म्हणून तीनदा टोचते. गाढव, गाढव, गाढव.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. मी तडक बोर्ड देणाऱ्याकडे गेले आणि काउंटरवर हात आपटला. डावा बोर्ड! माझ्या मामाला दिसत नाही म्हणून काहीही खपवता? तो बिचारा एकेक खोका फोडून दाखवत होता. चार बोर्ड बाहेर काढले, चारही सारखे. त्यानं शांतपणे विचारलं, "डावा म्हणजे कसा असतो हो?" तेव्हा कुठे मला माझी चूक कळली.

मामा, मी काय केलं माहीत आहे? आकडे पाटीवर टोचले, नीट, उजवीकडून डावीकडे. पण चित्र टोचायला पाटी कुठे पुरते? म्हणून बोर्डाच्या पुस्तकातलं चित्र जाड कागदावर ठेवलं आणि वरूनच रेघेरेघेनं टोचत गेले. ठिपके उठले पलीकडून! चित्र उलटलं, आकडे सुलटे राहिले. ज्याला दिसत नाही त्याच्याकडून ही चूक होणार नाही, कारण तो छापील चित्र गिरवणारच नाही. ज्याला ब्रेल येत नाही त्याच्याकडूनही नाही, तो टोचणारच नाही. ही चूक जगात फक्त तुझी भाची करू शकते. टायपिस्ट बाईंची माफी माग, माझ्या वतीनं आणि तुझ्याही.

बोर्ड देणाऱ्याची मी मागितली. तो हसला आणि नकाशा बघायला मागितला.

आता दुसरं, आणि हे लिहिताना बोट अडखळतंय. मागच्या पत्रात मी "चालायलाच हवा" लिहिलं ना, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. डिस्क बदलताना ठोकेबुवांच्या प्रोग्रॅमची प्रत मी ठेवली होती, ती घेऊन इथे तसाच बदलजोड लावून बघितला. साधी अक्षरं जातात, पण ठोकेबुवांचा प्रोग्रॅम जुन्या वळणाचा आहे. तो आकृती काढताना कुणाच्या मध्यस्थीनं बोलत नाही, थेट जुन्या दारावर जाऊन ठोठावतो. यूएसबीवाला बदलजोड त्या पत्त्यावर राहतच नाही. मग लांब फटीत बसणारं कार्ड आणून बघितलं. त्याला दार आहे, पण पत्ता वेगळा. प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर ठोठावत बसतो आणि कुणी उघडत नाही.

तुला आशा लावायची म्हणून मी हे दडवलं, ते चुकलं. मला अजून उपाय सापडलेला नाही. पण तू बोर्ड जोडून ठेव, चित्र मनात उलटं कर. मी शोधते आहे. पंधरा तारखेच्या आत मला काहीतरी सापडलंच पाहिजे, मामा, त्या अकरा जणांचं वर्तुळ माझ्यामुळे अडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तुझी गाढव ठिपकी

*

२८ जानेवारी

प्रिय गाढवे,

मी इतका हसलो, की टायपिस्ट बाई पाणी घेऊन आल्या. मग त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दोनदा मागून घेतली, पहिल्यांदा ऐकू आली नाही म्हणाल्या. ऐकू न येण्याचा हक्क खोलीत फक्त माझा आहे, पण सोडून दिलं.

बोर्ड बसला! मीच बसवला. नऊ स्क्रू, आधी सगळे ढिले, मग एकेक आवळला. विजेचा मोठा जोड, बारा-बाराच्या दोन रांगा, खट्कन बसला तेव्हा तो आवाज माझ्या बोटांनी ऐकला. डिस्क जोडली. बाईंनी बटण दाबलं आणि पंखा फिरला, हाताला वारा लागला. बाई ओरडल्या, "आला! पडदा आला!" जुना प्रोग्रॅमही उघडला, जसा काही कुठे गेलाच नव्हता. ठिपके, तू काय सुंदर वस्तू पाठवलीस!

बदलजोडाचं तू म्हणालीस तसंच झालं. अक्षरं छापली, वर्तुळ म्हटलं की ठोकेबुवा ढिम्म. बाईंनी आकृती तीनदा पाठवून बघितली.

पण आता जे लिहितो ते नीट वाच. बोटांनी वाच म्हणत नाही, डोळ्यांनी वाच, पण नीट.

बोर्डावरची एकेक वस्तू मी तुझ्या नकाशाशी ताडून बघितली. सगळ्यांना आकडा आहे, फक्त एकीला नाही. सगळ्यात खालच्या कडेला, लांब फटींच्या तळाशी, दोन रांगांत उघड्या पिना उभ्या आहेत. भोवती काही आवरण नाही. तुझ्या नकाशात तिथे कोरा कागद आहे. मी मोजल्या. एका रांगेत तेरा. दुसऱ्या रांगेत बारा, आणि टोकाला एका पिनेची जागा रिकामी.

तेरा आणि बारा, ठिपके. ठोकेबुवांच्या वायरीचं तोंड मी सव्वीस वर्षं दर महिन्याला कापसानं पुसतो. वर तेरा भोकं, खाली बारा. हे मला माझ्या दातांपेक्षा चांगलं पाठ आहे.

मला यातलं कळत नाही. असेल योगायोग. पण रात्रंदिवस ठिपके मोजणाऱ्या माणसाला योगायोग पटकन पटत नाही. ते काय आहे?

मामा

*

२ फेब्रुवारी

मामा! मामा! मामा!

दारच आहे ते! तेच दार! तेच जुनं, खरंखुरं, त्याच जुन्या पत्त्यावरचं!

तुझं पत्र वाचलं आणि मी वर्कशॉपमध्ये किंचाळले. दुरुस्तीवाल्या काकांच्या हातातला पेचकस पडला. बोर्डाचं पुस्तक काढलं, पान एकतीस, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. कारखान्यांमधली जुनी यंत्रं अजून चालतात म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी ते दार आत ठेवलं, फक्त बाहेर काढलं नाही. रोज सहा कॉम्प्युटर जोडते मी, त्या पिनांवरून दिवसातून कितीदा माझी नजर जाते, आणि मी त्यांना कधी बघितलंच नाही. नकाशात तर धरलंही नाही, कशाला लागतंय म्हणून. तू मोजल्यास. मला इतका अभिमान वाटतोय ना तुझा, की आज मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगते आहे. बोर्ड देणाऱ्यालाही सांगून आले.

आता फक्त त्या पिनांपासून डब्याच्या मागच्या पत्र्यापर्यंत जाणारी चपटी वायर हवी. बाजारात नाही. पाच दुकानं फिरले, लोक माझ्याकडे बघत राहिले. शेवटी काकांनी त्यांच्या स्क्रूच्या खणात कोपरापर्यंत हात घातला आणि गुंडाळी बाहेर काढली. "टाकून द्यायची होती," म्हणाले, "हात धजत नव्हता." मी त्यांना मिठीच मारली. ते अजून लाजतायत.

अशा वायरी दोन तऱ्हेच्या असतात, आतली जोडणी वेगळी. म्हणून पंचवीसच्या पंचवीस तारा मीटर लावून तपासल्या, दोनदा. इथे तसाच बोर्ड उसना आणून लावूनही बघितली. बरोबर आहे.

वायरीच्या तोंडात एक भोक बुजवलेलं आहे, ते रिकाम्या पिनेच्या जागेवर येऊ दे, म्हणजे उलटी बसणार नाही. मग पत्र्यावरचं तोंड मागच्या रिकाम्या खाचेत स्क्रूनं आवळ आणि ठोकेबुवांची वायर त्याला लाव. एक राहिलं. सेटिंगमध्ये ते दार बंद करून ठेवलेलं असतं. बाईंना पडद्यावरच्या तिसऱ्या पानावर "पॅरलल पोर्ट" शोधू दे आणि चालू करू दे.

पार्सल आजच जातंय. मी स्वतः टपाल खिडकीवर उभी राहून शिक्का मारताना बघणार आहे. तेरा दिवस आहेत, मामा. भरपूर आहेत. आहेत ना?

तुझी ठिपकी

*

१२ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

तेरा दिवस नव्हते. पण सगळं सांगतो, ओळीनं सांगतो, मध्येच शेवटच्या पानावर उडी मारू नकोस.

काल अकरा तारीख. सकाळी मी प्रुफं वाचत बसलो होतो, तर दाराकडून चार पायांची धमक जमिनीतून जाणवली. बाई माझ्या कानाशी ओरडल्या, "भंगारवाले आलेत!" जुनी बाकं न्यायला गाडी आली होती, आणि अधीक्षिकांनी ठरवलं, गाडी आलीच आहे तर हेही जाऊ दे, चार दिवसांनी काय फरक पडतो. मी उठलो आणि ठोकेबुवांवर जाऊन बसलो. हो, बसलो, झाकणावर, मांडी घालून. म्हटलं, उचला आता, आम्हा दोघांना मिळून उचला. माझं वय आणि माझी बैठक दोन्ही बघून ती माणसं थबकली. अधीक्षिका म्हणाल्या, "उतरा हो खाली, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत, मला काही दिसत नाही.

तेवढ्यात शिपाई पार्सल घेऊन आला. बाईंनी ते फाडलं कसं, हे तू ऐकायला हवं होतंस.

अधीक्षिकांनी घड्याळ काढलं. "अर्धा तास," म्हणाल्या. भंगारवाले दारात उकिडवे बसले. मी पत्रा धरला, अंगातली वीज उतरवली, खालच्या कडेला बोट नेलं. तेरा, बारा, रिकामी जागा. बुजवलेलं भोक. बसली! मागचे स्क्रू आवळले. बाईंनी तिसरं पान शोधलं, दार चालू केलं, आणि वर्तुळाची पहिली आकृती पाठवली.

काही नाही. शांतता.

 मला वाटलं, झालं, सव्वीस वर्षं संपली. मला रडू येत होतं, हे तुला सांगायला लाज नाही. पण हाताला सवय असते. वायरीवरून हात फिरवत गेलो, बोर्डापासून मशीनपर्यंत, ती ठीक होती. मग मशीनपासून भिंतीपर्यंत. आणि भिंतीशी हात गेला तर काय? प्लग जमिनीवर! उचलायचं म्हणून भंगारवाल्यांनी आधीच काढून ठेवला होता! मी तो भिंतीत खुपसला.

ठक्. ठक्-ठक्. आणि मग ठोकेबुवा असे सुटले, असे सुटले, की खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरच्या वर्गाचं दार उघडल्याचं मला कळलं, कारण मुलांचे पाय धावत आले. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ठोकेबुवांचा आवाज या शाळेत सगळे ओळखतात. कागद बाहेर आला तसा एकीनं माझ्या हातातून ओढूनच घेतला, बोट फिरवलं, पुन्हा तिथेच येऊन पोचलं, आणि ती ओरडली, "गोल आहे! खरंच गोल आहे!" मग अकराही जण त्या एका कागदावर तुटून पडले. फाटला तो. दुसरा छापला.

 नंतर अधीक्षिकांनी मला विचारलं, हळूच, म्हणजे माझ्यासाठी मोठ्यानंच, "पुढच्या वर्षीचं पुस्तक कधी सुरू करता?" भंगारवाले फक्त बाकं घेऊन गेले. जाताना त्यांतला एक म्हणाला, त्यालाही एक गोल हवा. दिला.

आज पुस्तकाची वर्तुळं छापतो आहोत. पण त्याआधी, सगळ्यांच्या आधी, सकाळी मी आणि बाईंनी एक आकृती बनवली. हातानं चाचपून मी सांगत गेलो, त्या भरत गेल्या. पत्रामागचं पान आहे ते. तुझा मदरबोर्ड आहे, सगळ्या दारांसकट, आणि तळाशी पंचवीस पिना. त्यांना आकडा दिलेला नाही. तुझं नाव दिलं आहे.

डोळे मीट आणि बोटं लाव. आणि कागद पालथा घालू नकोस. सुलटाच आहे.

तुझा मामा